सगळ्यात जास्त रन कोणाचे आणि कप कोणाकडे? गल्ला मोजणाऱ्यांसाठी रणजीचा हिशोब

या आठवड्याच्या व्हिडिओत 'आपल्या दुकानातला टॉपर माल कसा ओळखायचा' हे आपण थोडक्यात बघितलं. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून आकडे इथे नीट मांडते. वही-पेन घेऊन बसा. आज आधी क्रिकेट आहे, मग धंदा. क्रिकेट आवडत नसलं तरी वाचा, कारण शेवटी पैसे तुमचेच आहेत.

आमच्या आगरपासून डहाणू स्टेशनपर्यंत कुठल्याही दुकानदाराला विचारा, "सगळ्यात जास्त काय खपतं?" उत्तर लगेच येईल. मग विचारा, "सगळ्यात जास्त कमावून काय देतं?" इथे बहुतेक जण थांबतात. हे दोन प्रश्न एकच आहेत असं आपण धरून चालतो. ते एक नाहीत, आणि हे रणजी ट्रॉफीइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही.

९८२ रन करूनही कप गेला

२०२१-२२ चा रणजी सीझन आठवा. कोविडमुळे तो छोटा झाला होता. त्यात मुंबईच्या सर्फराज खानने ६ सामन्यांत ९८२ रन काढले. चार शतकं, त्यातलं एक २७५ चं. सीझनमध्ये त्याच्या जवळपासही कोणी नव्हतं. मालिकावीराचा मान त्यालाच मिळाला.

जून २०२२ मध्ये बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर फायनल झाली. एका बाजूला तोपर्यंत ४१ वेळा रणजी जिंकलेली मुंबई, दुसऱ्या बाजूला एकदाही न जिंकलेला मध्य प्रदेश. मुंबईने पहिल्या डावात ३७४ केले. त्यात सर्फराजचे एकट्याचे १३४. म्हणजे टॉपरने फायनलमध्येही आपलं काम चोख केलं. त्याला बोल लावायला जागाच नाही.

आता समोरच्यांचं बघा. मध्य प्रदेशने ५३६ केले. यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६, रजत पाटीदार १२२. तिघांतला एकही सर्फराजच्या १३४ पर्यंत पोचला नाही, पण ते तिघे होते. मुंबईवर १६२ ची आघाडी बसली आणि शेवटी मध्य प्रदेश ६ विकेट्सनी जिंकला. त्यांचे कोच होते चंद्रकांत पंडित, आपल्या मुंबईचेच. १९९८-९९ मध्ये याच मैदानावर मध्य प्रदेशचे कॅप्टन म्हणून ते फायनल हरले होते.

हा एकच किस्सा असता तर मी नशीब म्हटलं असतं. पण एका रणजी सीझनमध्ये सर्वात जास्त रनांचा विक्रम कोणाचा? व्ही. व्ही. एस. लक्ष्मणचा. १९९९-२००० मध्ये त्याने हैदराबादसाठी १४१५ रन केले. त्या वर्षी हैदराबाद फायनलला पोचलं आणि हरलं. कप नेला मुंबईने.

आयपीएलमध्येही तेच. २००८ ते २०२५ असे १८ सीझन झाले. ऑरेंज कॅप म्हणजे सगळ्यात जास्त रन करणारा. या १८ पैकी फक्त दोन वेळा ऑरेंज कॅपवाल्याच्या टीमने कप जिंकला: २०१४ मध्ये रॉबिन उथप्पाच्या कोलकात्याने आणि २०२१ मध्ये आपल्या पुण्याच्या ऋतुराज गायकवाडच्या चेन्नईने. त्यातही २०२१ ला ऋतुराजचे ६३५ आणि त्याच टीममधल्या फाफ डु प्लेसिसचे ६३३. म्हणजे चेन्नईकडे एक टॉपर नव्हता, जवळजवळ दोन होते.

याचा अर्थ टॉपर नको असा नाही हं. सर्फराज नसता तर मुंबई फायनलला पोचली असती का, हाही प्रश्नच आहे. अर्थ एवढाच की यादीतला पहिला आकडा एकटा काही सांगत नाही. त्याच्याशेजारी आणखी रकाने लागतात. ते रकाने कोणते, ते एकेक करून बघू.

पहिला रकाना: किती संधीत?

सर्फराजचे ९८२. पुढच्याच सीझनला, २०२२-२३ मध्ये, कर्नाटकचा मयंक अग्रवाल टॉपर ठरला, ९९० रन. नुसती बेरीज बघितली तर मयंक आठ रनांनी पुढे. पण सर्फराजने हे ९ डावांत केले आणि मयंकने १३ डावांत. एका डावाला सर्फराजचे सुमारे १०९ पडतात, मयंकचे सुमारे ७६. (पेपरात सरासरी १२२.७५ आणि ८२.५० दिसते, कारण क्रिकेटमध्ये नाबाद राहिलेला डाव भागायला धरत नाहीत. दोघांचाही एकेक डाव नाबाद होता.) बेरीज जवळजवळ सारखी आणि फरक केवढा!

दुकानात 'डाव' म्हणजे काय? मालाने अडवलेली जागा, त्यात अडकलेला पैसा आणि तो अडकलेले दिवस. एक माल महिन्याला २०,००० ची विक्री देतो, पण त्यासाठी सतत ४०,००० चा स्टॉक भरून ठेवावा लागतो. दुसराही २०,००० च देतो, पण ५,००० चा स्टॉक आठवड्याला भरला की भागतं. विक्रीच्या वहीत दोघं सारखे. पण पहिल्याने तुमचे ३५,००० जास्त बांधून ठेवलेत, जे तुम्ही दुसरीकडे फिरवू शकला असता.

दुसरा रकाना: कोणासमोर?

२०१८-१९ चा टॉपर मिलिंद कुमार, सिक्कीमकडून १३३१ रन. खरोखर मोठा आकडा, लक्ष्मणच्या विक्रमापासून फक्त ८४ मागे. पण त्या वर्षी सिक्कीम प्लेट गटात होतं, म्हणजे रणजीत नव्याने आलेल्या टीम्समध्ये. त्याच सीझनला वासिम जाफरने विदर्भाकडून १०३७ केले, चाळिशी ओलांडलेली असताना, एलिट गटातल्या बॉलिंगसमोर. विदर्भाने सलग दुसऱ्यांदा कप उचलला. मिलिंदची मेहनत कमी नाही. पण दोन आकडे शेजारी ठेवताना समोर कोण होतं ते लिहिलंच पाहिजे.

आपल्याकडे 'समोर कोण' म्हणजे हंगाम. चैत्र पौर्णिमेपासून महालक्ष्मीची जत्रा भरते तेव्हा कोणाचाही स्टॉल चालतो. दिवाळीत, मेच्या सुट्टीत किनाऱ्यावर गर्दी असते, तेव्हा पाण्याची बाटलीसुद्धा टॉपर होते. खरी परीक्षा जून-जुलैत. पाऊस, मासेमारी बंद, पर्यटक कमी, लोकांच्या हातात पैसा कमी. त्या दोन महिन्यांत जो माल थोडा का होईना पण रोज जातो, तो तुमचा वासिम जाफर.

म्हणून जत्रेतली विक्री आणि पावसाळ्यातली विक्री एका बेरजेत टाकू नका. दोन वेगळी पानं करा. कर्जाचा हप्ता पावसाळ्यातसुद्धा येतो. त्यामुळे हप्ता किती झेपेल हे नेहमी पावसाळ्याच्या पानावरून ठरवा.

तिसरा रकाना: स्वतःचे किती, दुसऱ्याला किती काढून दिले?

हा रकाना क्रिकेटमध्ये कोणी लिहीत नाही. तो अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये आहे, आणि दुकानदाराच्या इतका कामाचा आहे की तो समजून घ्यायलाच हवा.

बेसबॉलमध्ये बॅटर चार ठाणी फिरून घरच्या ठाण्यावर परत आला की एक रन. पण त्याच्या फटक्यामुळे आधीच ठाण्यांवर उभे असलेले सोबतीही घरी येऊ शकतात. तेव्हा ते रन त्या सोबत्यांच्या नावावर लागतात, आणि 'याने घरी आणले' म्हणून बॅटरच्याही खात्यात वेगळी नोंद होते. म्हणजे प्रत्येक खेळाडूचे दोन आकडे: स्वतः केलेले रन आणि घरी आणलेले रन.

दोन्ही मिळवले की त्याने टीमसाठी एकूण किती रन घडवले ते कळतं. पण एक गडबड होते. होम रन मारला की तो स्वतःही घरी येतो आणि स्वतःलाच घरी आणल्याची नोंदही मिळते. एकच रन दोन्हीकडे मोजला जातो. म्हणून सूत्र असं: स्वतःचे रन अधिक घरी आणलेले रन, वजा होम रन.

२०२४ चा सीझन घ्या. न्यूयॉर्क यांकीजचा ॲरन जज: स्वतःचे १२२, घरी आणलेले १४४, होम रन ५८. हिशोब २०८. लॉस एंजेलिस डॉजर्सचा शोहेई ओहतानी: स्वतःचे १३४, घरी आणलेले १३०, होम रन ५४. हिशोब २१०. होम रन जजचे जास्त, घरी आणलेलेही जजचे जास्त. तरी घडवलेल्या रनांत ओहतानी दोनने पुढे. त्या वर्षी फायनलला हेच दोन संघ भिडले आणि डॉजर्स जिंकले.

आता दुकानात या. दुधाच्या पिशवीत मार्जिन फारच थोडं. ते बघून कोणी म्हणेल, 'दूध बंद करा, त्या जागी चॉकलेट ठेवा.' पण सकाळी दूध घ्यायला आलेली ताई जाताना ब्रेड, बिस्कीट, साबण घेऊन जाते. तो नफा ब्रेड-बिस्किटाच्या नावावर लागतो, पण ताईला दुकानात आणलं दुधाने. दुधाचे स्वतःचे रन कमी, घरी आणलेले भरपूर.

हे मोजायचं कसं? सोपं आहे. आठवडाभर प्रत्येक गिऱ्हाईक आत आल्यावर पहिली मागितलेली वस्तू लिहा आणि त्याच्यापुढे बाकी काय घेतलं ते लिहा. पहिली वस्तू म्हणजे 'आणणारी'. बाकीच्या 'सोबत आलेल्या'. आठवड्याने चित्र समोर येईल. फक्त होम रनची वजाबाकी विसरू नका. गिऱ्हाईक एकच वस्तू मागतं आणि तेवढीच घेऊन जातं, तेव्हा ती विक्री एकदाच धरा. 'विक्रीही हिची आणि गिऱ्हाईक आणलं तेही हिने' असं दोन्हीकडे मोजलंत तर कागदावर धंदा फुगेल आणि गल्ल्यात काही दिसणार नाही.

चौथा रकाना: हा बसला तर काय?

टॉपर एक दिवस शून्यावर आऊट होणारच. तेव्हा मागे कोण आहे?

याचं उत्तर आपल्या पालघरच्या पोराने दिलंय. शार्दूल ठाकूर, पालघरजवळच्या माहीमचा, लोकलने मुंबईला खेळायला जायचा. मार्च २०२४, रणजी सेमीफायनल, मुंबई विरुद्ध तामिळनाडू. मुंबई ७ बाद १०६. वरचे सगळे परत गेलेले. नवव्या नंबरवर आलेल्या शार्दूलने १०९ ठोकले, फर्स्ट क्लासमधलं त्याचं पहिलं शतक. मुंबई ३७८ पर्यंत पोचली, सामना एका डावाने जिंकली आणि पुढे ४२ वा कप घेतला. त्या सीझनचा टॉपर होता आंध्रचा रिकी भुई, ९०२ रन. आंध्र क्वार्टर फायनललाच बाहेर पडलं होतं.

तुमच्या दुकानात नवव्या नंबरवर कोण आहे? एकूण नफ्याचा (विक्रीचा नाही) निम्म्याहून जास्त भाग एकाच मालातून, एकाच गिऱ्हाइकाकडून किंवा एकाच रिसॉर्टच्या ऑर्डरमधून येत असेल तर सावध व्हा. रिसॉर्टचा मॅनेजर बदलला, कंपनीने मार्जिन कमी केलं, शेजारी तेच दुकान निघालं, की डाव कोसळतो. हे होईल तेव्हा बघू असं म्हणू नका. मागची फळी आजच तयार करायची असते.

आता हे सगळं एका स्टॉलवर लावून बघू

समजा डहाणूच्या किनाऱ्यावर एक स्टॉल आहे. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमचे वेगळे असतील.

- थंड पेय: महिन्याची विक्री ६०,०००, मार्जिन ८ टक्के, नफा ४,८००
- चिकूचे चिप्स: विक्री २५,०००, मार्जिन ३० टक्के, नफा ७,५००
- चहा: विक्री १८,०००, मार्जिन ५० टक्के, नफा ९,०००

विक्रीचा टॉपर थंड पेय. फार पुढे. नफ्याचा टॉपर चहा, जो विक्रीत शेवटी होता! आणि अजून फ्रीजचं वीजबिल आपण धरलेलंच नाही.

स्टॉलवाला काय करतो? 'थंड पेय एवढं जातंय, दुसरा फ्रीज घेऊ.' ५०,००० पर्यंतचं शिशु मुद्रा कर्ज मिळतं, अर्ज करतो. समजा हप्ता महिन्याला २,००० बसला. हा हप्ता फक्त थंड पेयाच्या नफ्यातून फेडायचा तर दर महिन्याला २५,००० ची जादा विक्री हवी. पावसाळ्यातही. तोच २,००० चिप्समधून काढायचा तर साधारण ६,७०० ची जादा विक्री पुरते. चहातून काढायचा तर ४,००० ची.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी हे गणित फळ्यावर मांडून दाखवते, तेव्हा वर्ग गप्प होतो. कारण कर्ज घेताना बँकेला दाखवलेला आकडा विक्रीचा असतो आणि हप्ता भरताना लागतो तो नफा. या दोघांमधल्या फटीत घरातलं सोनं गहाण पडतं, पोराची फी अडकते.

मग थंड पेय बंद करायचं का? थांबा, तिसरा रकाना आठवा. उन्हातून आलेला पर्यटक आधी थंड पेयच मागतो आणि मग चिप्सचं पाकीट उचलतो. कदाचित थंड पेय हा तुमचा 'घरी आणणारा' असेल. म्हणून ते ठेवा, पण त्यावर कर्ज काढू नका. कर्ज काढायचंच तर चिप्सच्या चांगल्या पॅकिंगवर विचार करा. घोलवडच्या चिकूला २०१६ पासून जीआय मानांकन आहे, नाव आधीच झालेलं आहे. बाहेरचं गिऱ्हाईक ते इथूनच घेऊन जाणार, हा तुमचा फायदा.

आणि विकेट्स?

शेवटचा मुद्दा. २०२४-२५ मध्ये टॉपर आणि कप एकाच घरी गेले. विदर्भाच्या यश राठोडने सीझनमध्ये सर्वाधिक ९६० रन केले आणि विदर्भाने नागपूरला केरळविरुद्ध कप जिंकला. मग या वेळी वेगळं काय होतं? एक तर फायनलमध्ये मोठे रन दुसऱ्यांनी केले, दानिश मालेवारने १५३ आणि करुण नायरने दुसऱ्या डावात १३५. आणि दुसरं, त्याच टीमच्या हर्ष दुबेने सीझनमध्ये ६९ विकेट्स काढल्या. एका रणजी सीझनमधला तो विक्रम आहे.

रन कितीही करा, समोरच्याला आऊट केलं नाही तर सामना हातात येत नाही. दुकानात समोर खेळतात ते तिघे: उधारी, खराब होणारा माल आणि लक्षात न राहणारा किरकोळ खर्च. त्यांच्या विकेट्स कोण काढतंय? विक्री वाढवायला आपण बॅनर लावतो, रील बनवतो. उधारीची वही मात्र तीन-तीन महिने उघडत नाही. १,००० रुपयांची बुडालेली उधारी ८ टक्के मार्जिनवर भरून काढायला १२,५०० चा माल विकावा लागतो. हा आकडा गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.

आजपासून काय करायचं

एक साधी वही घ्या. सगळा माल नको, फक्त तुमचे सर्वात जास्त खपणारे दहा. प्रत्येकासमोर सहा रकाने:

१. महिन्याची विक्री
२. महिन्याचा नफा, रुपयांत
३. त्यात अडकलेला पैसा
४. पावसाळ्यातली विक्री
५. किती गिऱ्हाइकांनी हा माल पहिला मागितला
६. उधारी आणि खराबी

तीस दिवस भरा. अंदाजाने नाही, रोज रात्री शटर ओढायच्या आधी. चौथा रकाना सध्या रिकामा राहिला तरी चालेल, जून आला की भरा. मग यादी दोनदा लावा, एकदा विक्रीने आणि एकदा नफ्याने. दोन्ही याद्यांत पहिलं नाव एकच आलं तर उत्तम, त्याला जपा आणि त्याच्यामागे दुसरा तयार करा. नावं वेगळी आली तर घाबरू नका. आतापर्यंत जे डोळ्यांना दिसत होतं आणि जे खरं घर चालवत होतं, ते तुम्हाला पहिल्यांदाच वेगवेगळं दिसलं.

ही वही भरल्याशिवाय दुसरा फ्रीज, दुसरा गाळा किंवा दुसरं कर्ज, कशावरच सही करू नका. पुढच्या व्हिडिओत उधारीच्या विकेट्स कशा काढायच्या ते बघू, नाती न तोडता. तोपर्यंत वही भरत राहा.